विश्लेषण : चाळिशीच्या उंबरठ्यावर ऑटिझमचे निदान, हॅना गॅड्सबी यांचा रंगमंच त्यानंतर कसा बदलला?

जून २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर 'नॅनेट' हा तासाभराचा एकपात्री प्रयोग आला. नेहमीच्या स्टँडअप कॉमेडीसारखा तो सुरू होतो, लोक हसतात, आणि मग मध्येच रंगमंचावरची व्यक्ती सांगते की आता विनोद करणे आपल्याला सोडून द्यायचे आहे. उरलेल्या वेळात विनोद नेमका कसा तयार होतो आणि तो तयार करताना काय लपवावे लागते, याचीच चिरफाड होते. या प्रयोगाचे लेखन आणि सादरीकरण ऑस्ट्रेलियाच्या हॅना गॅड्सबी यांचे. तो लिहून होण्याच्या काही काळ आधी, तिशीच्या उत्तरार्धात, त्यांना ऑटिझमचे निदान झाले होते. एडीएचडीचेही झाले होते. निदानाच्या एका कागदाने कुणी लेखक होत नाही; गॅड्सबी त्याआधी दहा वर्षे लिहीतच होते. पण त्यानंतरचे त्यांचे लेखन वेगळे झाले. ते कसे, आणि निदानाला इतका उशीर का झाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

हॅना गॅड्सबी कोण आहेत?

स्टँडअप कॉमेडियन ही त्यांची ओळख अपुरी आहे. रंगमंचासाठी दीर्घ एकपात्री लेखन, मालिकेत अभिनय आणि लेखनसहभाग, चित्रकलेवरील माहितीपट, आत्मकथन, संग्रहालयातील प्रदर्शनाचे संयोजन अशी त्यांची कामे आहेत. मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी नाही. 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी करणारे पु. ल. देशपांडे किंवा 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने ५२ पात्रे रंगवणारे लक्ष्मण देशपांडे आपण पाहिले, ऐकले आहेत. गॅड्सबी यांच्या प्रयोगात मात्र पात्रे नसतात. एकच व्यक्ती, एक माइक आणि स्वतःचेच आयुष्य. तरीही संहितेची बांधणी नाटकाइतकीच घट्ट असते.

एक खुलासा. गॅड्सबी स्वतःला जेंडरक्विअर म्हणवतात आणि इंग्रजीत स्वतःसाठी 'दे' हे सर्वनाम वापरतात. मराठीत त्याला नेमका पर्याय नाही, म्हणून या लेखात 'ते' हे आदरार्थी बहुवचन वापरले आहे.

निदानाआधीची वर्षे कशी गेली?

गॅड्सबी यांचा जन्म १९७८ चा, टास्मानिया बेटाच्या वायव्य टोकाकडील स्मिथटन या लहान गावातला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील गणिताचे शिक्षक. टास्मानियात समलैंगिक संबंध १९९७ पर्यंत गुन्हा होता आणि त्यासाठी २१ वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. ऑस्ट्रेलियात हा कायदा सर्वांत शेवटी रद्द करणारे राज्य हेच. गॅड्सबी किशोरवयात असताना वर्तमानपत्रे, टीव्ही आणि गावातील गप्पा या सगळीकडे हाच वाद सुरू होता. स्वतः समलैंगिक असल्याचे उमगत असतानाच भोवतालचे लोक आपल्यासारख्यांविषयी काय बोलतात, हे रोज कानावर पडत होते. 'नॅनेट'मधील लाजेचा धागा तिथून येतो.

पुढे कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतून २००३ मध्ये त्यांनी कलेचा इतिहास या विषयात पदवी घेतली. पदवीनंतर करिअर वगैरे काही घडले नाही. पुस्तकांच्या दुकानात काम, चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवणे, मग शेतांवर भाजी तोडणे आणि झाडे लावणे. याच काळात आजारपण आले आणि राहायला घरही उरले नाही. अभ्यासात हुशार, वाचन भरपूर, बोलणे चटकदार. पण फॉर्म भरणे, वेळेवर पोहोचणे, घर सांभाळणे, कार्यालयातील लोकांशी जुळवून घेणे या 'साध्या' गोष्टींत मात्र दमछाक. अशा माणसाला आपल्याकडे एकच शब्द ऐकवला जातो : आळशी. ऑस्ट्रेलियातही फार वेगळे नव्हते.

२००६ मध्ये नवोदित विनोदवीरांसाठीच्या 'रॉ कॉमेडी' या राष्ट्रीय स्पर्धेत ते उतरले आणि जिंकले. तिथून रंगमंच सुटला नाही. २०१३ ते २०१६ दरम्यान जॉश थॉमस यांच्या 'प्लीज लाइक मी' या मालिकेत त्यांनी काम केले. गंमत म्हणजे या थॉमस यांनाही पुढे प्रौढ वयातच ऑटिझमचे निदान झाले. एकाच मालिकेच्या सेटवर दोन ऑटिस्टिक लेखक काम करत होते आणि दोघांपैकी कुणी एकमेकांना त्या नावाने ओळखत नव्हते.

निदानाला इतका उशीर का होतो?

याचे उत्तर थोडे तांत्रिक आहे, पण तेच महत्त्वाचे आहे.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा आजार नाही, मेंदूच्या विकासातील जन्मजात वेगळेपण आहे. सामाजिक संकेत वाचण्यातील अडचण, ठरावीक क्रमाची आणि पुनरावृत्तीची गरज, एखाद्या विषयात खोलवर रमणे, आवाज-प्रकाश-स्पर्श यांची तीव्र किंवा मंद जाणीव ही त्याची मुख्य लक्षणे. ती प्रत्येकात वेगळ्या प्रमाणात दिसतात, म्हणून 'स्पेक्ट्रम' हा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे एक जण ऑटिस्टिक होता.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या शोधनिबंधातून ऑटिझमचे वर्णन केले त्यात ११ मुले होती. ८ मुलगे, ३ मुली. हान्स अॅस्पर्गर यांच्या १९४४ च्या निबंधात चार मुलगे होते, मुलगी एकही नाही. पुढच्या निकषांवर आणि डॉक्टरांच्या नजरेवर याच चित्राचा ठसा राहिला : ऑटिझम म्हणजे लहान मुलगा, नजरेला नजर न देणारा, खेळण्यातील गाड्या रांगेत लावणारा. मोठ्या पडद्याने त्यात १९८८ च्या 'रेन मॅन'मधील आकडे तोंडपाठ असणारा माणूस आणि आपल्याकडे २०१० च्या 'माय नेम इज खान'मधील रिजवान यांची भर घातली. टास्मानियातील एक मिस्कील, गप्पिष्ट, चित्रांच्या पुस्तकांत बुडालेले मूल या साच्यात बसणे शक्यच नव्हते.

दुसरे कारण मास्किंग. आजूबाजूचे लोक कधी हसतात, किती वेळ नजर देतात, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर देतात हे पाठ करून तसेच वागायचे. मुलींवर 'नीट वाग' हा दबाव लहानपणापासून जास्त असतो, त्यामुळे मुली म्हणून वाढवल्या गेलेल्यांत हे झाकणे अधिक दिसते, असे संशोधक सांगतात. बाहेरून सगळे व्यवस्थित दिसते. आत बॅटरी झपाट्याने उतरत असते, घरी आल्यावर फोन बंद.

तिसरे कारण फारसे सांगितले जात नाही. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीनुसार ऑटिझम असलेल्या व्यक्तीला एडीएचडीचे निदान देता येत नव्हते. दोन्ही एकत्र असू शकतात हे पाचव्या आवृत्तीने, म्हणजे २०१३ मध्ये, मान्य केले. एकाला क्रम हवा, दुसऱ्याला क्रम पाळता येत नाही. दोन्ही एकाच डोक्यात असतील तर प्रत्येकाची लक्षणे दुसऱ्याला झाकतात. गॅड्सबी यांच्या वयाच्या माणसाला दोन्ही निदाने एकत्र मिळण्याची सोय ते पस्तिशीला येईपर्यंत जवळपास नव्हतीच.

तोवर डॉक्टरांकडे नोंद होते ती नैराश्य आणि चिंतेची. २०१९ च्या टेड व्याख्यानात गॅड्सबी यांनी हे कोडे उलगडून सांगितले. त्यांना वाटत होते की नैराश्य आणि चिंतेमुळे आपल्याला इतरांसारखे आयुष्य सावरता येत नाही. प्रत्यक्षात उलटे होते. आयुष्य इतरांसारखे सावरता येत नव्हते म्हणून नैराश्य आणि चिंता होती, आणि सावरता येत नव्हते कारण मेंदूच वेगळ्या पद्धतीने चालत होता. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली की उपचारही चुकीच्या टोकाला होतात. सर्व्हर बंद का पडतो ते न पाहता रोज रीस्टार्ट करत राहण्यासारखे.

'नॅनेट'मध्ये नेमके काय वेगळे होते?

विनोदाला दोन भाग लागतात. आधी ताण निर्माण करायचा, मग तो सोडवायचा. सुटका झाली की लोक हसतात. गोष्टीला मात्र तीन भाग असतात : सुरुवात, मध्य आणि शेवट. गॅड्सबी यांचा मुद्दा असा की विनोदकार गोष्ट मध्यावरच कापतो, कारण हशा तिथे आहे.

त्याचे उदाहरण ते स्वतःच्याच जुन्या विनोदातून देतात. बसथांब्यावर एक माणूस त्यांना मुलगा समजून अंगावर येतो. चूक लक्षात येताच माफी मागून निघून जातो. प्रेक्षक हसतात. वर्षानुवर्षे हा किस्सा असाच संपत होता. 'नॅनेट'च्या उत्तरार्धात त्याचा खरा शेवट येतो. तो माणूस परत आला होता. त्याने गॅड्सबी यांना मारहाण केली आणि कुणीही मध्ये पडले नाही. त्यांनी तक्रार केली नाही, दवाखान्यातही गेले नाहीत, कारण आपली लायकी हीच, असे मनावर बिंबले होते. एकच किस्सा दोनदा सांगितला जातो. पहिल्यांदा हसलेले प्रेक्षक दुसऱ्यांदा सुन्न होतात आणि या वेळी ताण सोडवून द्यायला रंगमंचावरची व्यक्ती नकार देते.

हा प्रयोग घडत होता तेव्हा ऑस्ट्रेलियात समलिंगी विवाहावर टपालाने देशव्यापी कौल घेतला जात होता. ६१.६ टक्के लोकांनी होकार दिला आणि डिसेंबर २०१७ मध्ये कायदा बदलला. पण त्यासाठी काही महिने पुन्हा तीच चर्चा, तेच शब्द, टास्मानियाची पुनरावृत्ती. 'नॅनेट'मधील राग त्या दिवसांचा आहे.

मेलबर्न विनोद महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, एडिनबरा कॉमेडी पुरस्कार (जॉन रॉबिन्स यांच्यासह विभागून), नंतर पीबॉडी आणि २०१९ मध्ये लेखनासाठी एमी. हा विनोद की भाषण, असा वादही झाला. काही विनोदवीरांना ते कॉमेडीच वाटले नाही. त्या आक्षेपात थोडे तथ्य आहे, पण विनोदाचे यंत्र उघडून दाखवायचे तर ते काही काळ बंद ठेवावेच लागते.

हे ऑटिझमशी कसे जोडायचे? सरसकट जोडू नये. पण एक गोष्ट दिसते. इतर लोक सहज वागतात तिथे ऑटिस्टिक माणसाला आयुष्यभर नियम शोधून काढावे लागतात : लोक इथे का हसले, तिथे का गप्प झाले. गॅड्सबी यांनी तीच सवय विनोदावर चालवली. समोरासमोरच्या गप्पांत अडखळणारा माणूस हजारो लोकांपुढे सहज कसा बोलतो, याचेही उत्तर त्यात आहे. रंगमंचावर कोण कधी बोलणार हे आधीच ठरलेले असते. संहिता हातात असते. प्रकाश, वेळ, जागा सगळे माहीत असते. सोसायटीच्या हळदीकुंकवात किंवा ऑफिसच्या पार्टीत यातले काहीच नसते.

दुःखामुळे कला येते का?

'नॅनेट'मधील एक भाग या विषयाच्या मुळाशी आहे. प्रयोगानंतर एक प्रेक्षक गॅड्सबी यांना सल्ला देतो की कलाकाराने नैराश्यावरच्या गोळ्या घेऊ नयेत, व्हॅन गॉग यांनी औषधे घेतली असती तर सूर्यफुले मिळाली नसती. कलेच्या इतिहासाची पदवी इथे कामी येते. व्हॅन गॉग यांच्यावर उपचार झाले होते, हे गॅड्सबी ठणकावून सांगतात. शिवाय डिजिटॅलिस या औषधाने पिवळा रंग गडद दिसू शकतो, म्हणजे कदाचित सूर्यफुले औषधामुळेच आहेत, असाही टोला हाणतात.

हा दुसरा भाग तपासून घ्यायला हवा. व्हॅन गॉग यांनी डिजिटॅलिस घेतल्याचा पुरावा नाही. ही शंका मुख्यतः डॉ. गाशे यांच्या व्यक्तिचित्रात डिजिटॅलिसचे झाड दिसते म्हणून घेतली जाते आणि ते चित्र १८९० चे आहे. आर्ल येथील प्रसिद्ध सूर्यफुले ऑगस्ट १८८८ मधली, म्हणजे गाशे यांची भेट होण्याच्या जवळपास दोन वर्षे आधीची. टोला म्हणून तो रंगतो, इतिहास म्हणून टिकत नाही.

पण गॅड्सबी यांचा मुख्य मुद्दा वेगळा आहे आणि तो पक्का आहे. व्हॅन गॉग रंगवू शकले कारण थिओ नावाचा भाऊ त्यांना नियमित पैसे, रंग आणि माया पुरवत होता. चित्रे दुःखातून नव्हे, आधारातून आली. निदानाबाबतही हेच म्हणता येते. ऑटिझमला 'सुपरपॉवर' म्हणण्याची समाजमाध्यमांवर फॅशन आहे. गॅड्सबी यांच्या कहाणीत निदानाने मिळाले ते एवढेच : स्वतःला दोष देण्यात जाणारी शक्ती वाचली आणि कामाची पद्धत स्वतःच्या मेंदूनुसार आखता आली.

'डग्लस'मध्ये ऑटिझम उघडपणे कसा आला?

'नॅनेट'मध्ये सोडलेली कॉमेडी अर्थातच सुटली नाही. २०१९ मध्ये 'डग्लस'चा दौरा झाला, मे २०२० मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. नाव पाळीव कुत्र्याचे. शिवाय स्त्रीच्या शरीरातील एका पोकळीला जेम्स डग्लस या पुरुष शरीरशास्त्रज्ञाचे नाव आहे, त्यावरचाही हा विनोद.

या प्रयोगाची सुरुवातच अजब आहे. पहिली जवळपास पंधरा मिनिटे गॅड्सबी पुढे काय काय होणार याची यादी वाचतात. आधी किस्से, मग चित्रकलेवर व्याख्यान, मग काही लोकांना मुद्दाम राग येईल असा भाग, मग ऑटिझम. शेवटचा विनोद कशावर असेल तेही सांगून टाकतात. रहस्यकथेच्या पहिल्या पानावर खुनी सांगण्याचा हा प्रकार. तरीही शेवटी हशा येतो, उलट जास्त येतो, कारण प्रेक्षक त्याची वाट पाहत असतात. ऑटिस्टिक माणसाला पुढे काय होणार हे आधी कळले की जीव शांत राहतो. गॅड्सबी यांनी तीच गरज रचनेचा भाग केली आणि तासभरासाठी सगळे सभागृह आपल्या मेंदूच्या वेळापत्रकाला जोडून घेतले.

त्यातला शाळेचा किस्सा पाहण्यासारखा आहे. 'आत', 'बाहेर', 'शेजारी' अशा शब्दांसाठी वर्गात खोके आणि पेंग्विनचे उदाहरण चालले आहे. बाकी मुले उत्तर देऊन मोकळी होतात. छोट्या हॅनाला मात्र त्या खोक्याविषयीच प्रश्न पडतात आणि ते थांबत नाहीत. शिक्षक वैतागतात. हसू येते, पण कुणाचे? बहुतेक प्रेक्षक शिक्षकांच्या बाजूने हसायला सुरुवात करतात आणि शेवटी त्या मुलाच्या बाजूने हसत असतात. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये 'दुहेरी सहवेदनेची समस्या' मांडली : ऑटिस्टिक लोकांना इतरांचे मन कळत नाही हे अर्धेच खरे, इतरांनाही त्यांचे कळत नाही. मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांच्या सिद्धांताचे इतके सोपे प्रात्यक्षिक दुसरे सापडणे कठीण.

त्यानंतर सगळेच यशस्वी झाले का?

नाही. २०२२ चे आत्मकथन 'टेन स्टेप्स टू नॅनेट' वाचले गेले. 'समथिंग स्पेशल' हा २०२३ चा प्रयोग लग्नाविषयीचा, मुद्दाम हलकाफुलका ठेवलेला. पण त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये पिकासो यांच्या मृत्यूच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त गॅड्सबी यांनी दोन क्युरेटरांसह केलेल्या 'इट्स पाब्लो-मॅटिक' या प्रदर्शनाला समीक्षकांनी झोडपून काढले. पिकासो यांच्या स्त्रियांशी वागण्याबद्दलचा 'नॅनेट'मधील संताप रंगमंचावर धारदार होता. चित्राशेजारच्या पाटीवर दोन ओळींत मावताना तो शेरेबाजी झाला. तासभराचा ताण ही ज्यांची ताकद, त्यांना तिथे ताण निर्माण करायला जागाच नव्हती.

नेटफ्लिक्सशीही खटके उडाले. डेव्ह शॅपेल यांच्या ट्रान्सजेंडर व्यक्तींवरील विनोदांचा बचाव करताना कंपनीच्या प्रमुखांनी २०२१ मध्ये गॅड्सबी यांचे नाव पुढे केले, तेव्हा त्यांनी जाहीरपणे कडक शब्दांत सुनावले. त्यानंतरही २०२४ मध्ये त्याच मंचावर सात जेंडरक्विअर विनोदवीरांना घेऊन त्यांनी 'जेंडर अजेंडा' केला. दरम्यान ब्रिटनमध्ये फर्न ब्रेडी यांनीही प्रौढ वयातील निदानावर 'स्ट्राँग फीमेल कॅरेक्टर' हे पुस्तक लिहिले. काही नाट्यगृहांत 'रिलॅक्स्ड परफॉर्मन्स' होऊ लागले आहेत. त्यात आवाज आणि दिव्यांची तीव्रता कमी ठेवतात, प्रेक्षकाला मध्येच उठून बाहेर जाता येते आणि कुणी वळून बघत नाही.

भारतात प्रौढांना निदान मिळते का?

कागदावर हक्क आहे. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्याचा स्वतंत्र समावेश झाला. प्रमाणपत्रासाठी 'इसा' ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. अडचण अशी की तिचा रोख मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या वर्तनावर आहे. ज्याने तीस वर्षे मास्किंग केले, नोकरी टिकवली, लग्न केले, त्याच्यात बाहेरून दिसण्यासारखे फारसे उरलेले नसते. शिवाय मूल्यांकनात बालपणाची माहिती लागते आणि ती आई-वडिलांकडून येते. 'लहानपणी थोडा हट्टी होता, बाकी काही नाही' एवढ्यावर ती बहुतेकदा संपते.

अनेकांना हा प्रश्न स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने पहिल्यांदा पडतो. मुलाच्या लक्षणांची यादी वाचताना आई किंवा बाबा मध्येच थांबतात, कारण यादी ओळखीची वाटते. अशा वेळी ऑनलाइन चाचणीच्या गुणांवर विसंबू नये. प्रौढांच्या ऑटिझमचा अनुभव असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जावे आणि जाताना शाळेची जुनी प्रगतीपुस्तके सोबत न्यावीत. वर्गशिक्षकांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेले 'हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते' हे वाक्य तिथे उपयोगी पडू शकते.